नदी, नमुना आणि न्यायालय

(समाजाच्या विचारसभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 विषय दिला आहे 'पर्यावरणाचे कायदे आणि त्यांची अंमलबजावणी'. मी वकील नाही, शास्त्रज्ञही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून आहे. कागद नीट लावणे, तारखा पाहणे आणि हिशेब जुळवणे हा माझा रोजचा व्यवसाय. पण या विषयाचा थोडा अभ्यास केल्यावर असे लक्षात आले की आपल्या नदीचे दुखणे बरेचसे कागद, तारखा आणि हिशेब यांतच अडकले आहे. म्हणून हे धाडस करतो.

आपली घराणी या गावात शिंदेशाहीपासून आहेत. रामचंद्रबाबा सुखठणकरांनी महाकालाच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, बायजाबाईसाहेबांनी गोपाळ मंदिर उभारले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण हे सारे वैभव ज्या क्षिप्रेच्या काठी उभे राहिले तिचे पाणी आज तोंडात घेण्याची कोणाची हिंमत होत नाही. त्रिवेणीला इंदूरकडून येणारी खान, म्हणजे आताच्या सरकारी कागदातली कान्ह, क्षिप्रेला मिळते. इंदूरसारख्या मोठ्या शहराचे आणि वाटेतल्या कारखान्यांचे पाणी वाहून आणण्याचे काम या नदीकडे आले आहे.

यावर उपाय झाले नाहीत असे म्हणता येणार नाही. 2014 च्या फेब्रुवारीत नर्मदेचे पाणी क्षिप्रेत आणले गेले. त्या योजनेचा खर्च 432 कोटी रुपये होता. 2016 च्या सिंहस्थापूर्वी खान नदीचे पाणी जमिनीखालच्या नळातून वळवून कालियादेह महालाच्या पुढे सोडण्याची व्यवस्था झाली. आता 2028 च्या सिंहस्थासाठी त्याहून मोठी बंद नळाची योजना हाती घेतली असून तिचा खर्च 900 कोटींच्या वर आहे. या सगळ्या योजनांत एक गोष्ट समान आहे. घाण पाणी तयार होऊ नये यासाठी हा पैसा नाही. ते पाणी रामघाटावर दिसू नये यासाठी आहे. कालियादेहच्या पुढे सोडलेले पाणी नाहीसे होत नाही, ते महिदपूर आणि आलोटकडे जाते. तेथेही माणसेच राहतात आणि त्यांत आपलीही नातीगोती आहेत.

मग कायदा कुठे आहे? कायदा आहे, आणि तो काही कालचा नाही. जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा 1974 चा आहे. त्याच्या कलम 24 प्रमाणे नदी-नाल्यात विषारी किंवा दूषित द्रव्य सोडण्यास मनाई आहे. कलम 25 प्रमाणे प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राशिवाय सांडपाणी सोडणारा कारखाना काढता येत नाही. 1988 च्या दुरुस्तीने शिक्षा कडक केली. कलम 24 मोडल्यास किमान दीड वर्ष आणि कमाल सहा वर्षे कैद. कलम 33-अ प्रमाणे मंडळ थेट कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. कलम 47 प्रमाणे गुन्हा कंपनीचा असला तरी कारभार पाहणारी माणसे जबाबदार धरली जातात. कलम 48 प्रमाणे सरकारी खात्याने गुन्हा केला तर खातेप्रमुख दोषी मानला जातो. एवढा दात असलेला कायदा असूनही नदी काळी का?

याचे पहिले उत्तर नमुन्याच्या बाटलीत आहे. कारखान्याच्या तोंडाशी जाऊन बाटली भरून आणली की पुरावा झाला, अशी आपली समजूत असते. कायद्याचे कलम 21 तसे म्हणत नाही. नमुना घेताना अधिकाऱ्याने तेथल्या जबाबदार माणसाला तपासणीच्या हेतूची नोटीस द्यावी लागते. त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावे लागतात. दोन्हींवर खूण करून मोहोर लावून दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात. कारखानदाराने मागणी केली तर दुसरा भाग कायद्याने ठरवलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. तो मुद्दाम गैरहजर राहिला किंवा सही नाकारली तर काय करायचे तेही लिहिलेले आहे. यातली एक पायरी चुकली की अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. 1986 मध्ये दिल्ली बॉटलिंग कंपनीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयात हेच झाले. नमुन्याची तपासणी कायद्याने सांगितलेल्या रीतीने झाली नव्हती, म्हणून अहवाल बाजूला पडला. पाणी स्वच्छ होते असे न्यायालयाने म्हटले नव्हते, पण खटल्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य झाला.

हे कलम कारखानदाराच्या संरक्षणासाठी आहे आणि ते योग्यच आहे. कोणीही उठून बाटली भरावी आणि कोणालाही तुरुंगात टाकावे असे होऊ नये. आमच्याकडे धनादेशावरची सही जुळली नाही तर तो परत जातो, मग खात्यात लाखो रुपये का असेनात. येथेही तसेच आहे. म्हणून जो अधिकारी नमुना नीट घेत नाही तो नकळत, किंवा कळूनसवरून, आरोपीचेच काम करत असतो. आपल्यापैकी जे वकिली करतात त्यांनी कारखान्याच्या बाजूने उभे राहताना हे कलम पाहावेच. पण जे नदीच्या बाजूने उभे राहतील त्यांनी ते अगोदर पाहावे.

दुसरे उत्तर हिशेबात आहे. एक उदाहरण घेऊ. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा एका मध्यम कारखान्याला सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, म्हणजे ईटीपी, रोज चालवायला वीज, रसायने आणि माणसे मिळून महिना दीड लाख रुपये लागतात. वर्षाचे झाले 18 लाख. आता तो पकडला जाण्याची शक्यता दहा वर्षांत एकदा, आणि पकडला गेल्यावर दंड काही हजारांचा. कोणताही मुनीम सांगेल की यंत्रणा बंद ठेवणे फायद्याचे. अशा वेळी दंड ही शिक्षा राहत नाही, तो खर्चाच्या खात्यातली एक ओळ बनतो. आणि जो प्रामाणिक कारखानदार 18 लाख खर्च करतो तो बाजारात महाग पडून मार खातो. कायदा न राबवण्याने नुकसान फक्त नदीचे होत नाही, सरळ धंदा करणाऱ्याचेही होते. आपल्या समाजातही देवास-इंदूरच्या औद्योगिक भागात कारखाने चालवणारे आहेत, तेथे नोकरी करणारे तर घरोघरी आहेत. त्यांनी हा विषय आपल्याविरुद्धचा समजू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

या ठिकाणी अलीकडचा बदलही सांगितला पाहिजे. जनविश्वास कायद्याने 1 एप्रिल 2024 पासून 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतची कैद काढून तिच्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपये दंड आणला. जलप्रदूषण कायद्यातही 2024 मध्ये तशीच दुरुस्ती झाली. संमतीपत्राविना सांडपाणी सोडणे हा मात्र अजूनही कैदेचा गुन्हा ठेवला आहे. खातेप्रमुखासाठी एका महिन्याच्या मूळ पगाराइतका दंड ठरवला आहे. ही दुरुस्ती प्रारंभी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. इतर राज्यांनी विधानसभेत ठराव करून ती स्वीकारायची आहे. म्हणून कोणतेही प्रकरण हाती घेताना गुन्ह्याची तारीख कोणती आणि त्या तारखेला त्या राज्यात कोणते कलम लागू होते, या दोन गोष्टी प्रथम पाहाव्यात.

तुरुंगाची भीती गेली म्हणून काही जण हळहळतात, काही जण सुटकेचा श्वास टाकतात. मला वाटते दोघांनीही घाई करू नये. सहा वर्षांची कैद पुस्तकात आणि खटला पंधरा वर्षे तारखांवर, यापेक्षा सहा महिन्यांत हमखास वसूल होणारा 15 लाखांचा दंड बरा. पण त्यात 'हमखास' हा शब्द महत्त्वाचा आहे. तो गळला तर नवी व्यवस्था जुनीपेक्षा वाईट ठरेल. भोपाळचे उदाहरण आपल्यापासून लांब नाही. 1984 च्या डिसेंबरात वायू सुटला आणि भोपाळच्या न्यायालयाचा निकाल आला 7 जून 2010 रोजी. शिक्षा दोन वर्षे. 25 वर्षांनी आलेल्या त्या शिक्षेने कोणाला वचक बसला असेल? आणि त्या कारखान्यातला विषारी कचरा शेवटी 2025 मध्ये आपल्या शेजारच्या पीथमपूरला आणून जाळावा लागला.

उलट जेथे न्यायालय चिकाटीने मागे लागते तेथे काय होते, याचे उदाहरण उदयपूरजवळच्या बिछडी गावाचे आहे. तेथल्या रासायनिक कारखान्यांनी विहिरी आणि जमीन नासवली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जो घाण करील त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च भरावा असे ठरवले. पुढे त्याची रक्कम 37 कोटी 38 लाख 50 हजार रुपये निघाली. कारखानदारांनी अर्जामागून अर्ज करून ती रक्कम वर्षानुवर्षे टाळली. 2011 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की मूळ रक्कम 4 नोव्हेंबर 1997 पासून दरसाल 12 टक्के चक्रवाढ व्याजाने भरा. बँकेतल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. 12 टक्क्यांनी रक्कम सहा वर्षांत दुप्पट आणि बारा वर्षांत चौपट होते. वेळ काढण्यातला फायदा न्यायालयाने एका ओळीत काढून घेतला. माझ्या मते पर्यावरणाच्या खटल्यांत इतका व्यवहारी विचार फार थोड्या वेळा झाला आहे.

आता आपल्या मालव्याचे उदाहरण सांगतो. दुर्दैवाने ते आपल्याकडेच फार कमी लोकांना ठाऊक आहे. उज्जैनहून गाडीने दीड-दोन तासांवर रतलाम आहे. तेथे न्यू रोड भागातल्या वॉर्ड क्रमांक 12 च्या रहिवाशांना उघडी गटारे, रस्त्यावरचा मैला आणि दारूच्या कारखान्यातून येणारे दुर्गंधीयुक्त पाणी यांनी हैराण केले होते. त्यांनी ना मोर्चा काढला ना दिल्ली गाठली. त्यांनी गावातल्या एसडीएमकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली अर्ज केला. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्या कलमाने दंडाधिकाऱ्याला आहे. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला सहा महिन्यांत योजना करण्याचा आदेश दिला. सत्र न्यायालयाने तो रद्द केला, उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला. नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे एकच होते, आमच्याकडे पैसा नाही.

29 जुलै 1980 रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला. नागरिकांना किमान स्वच्छता देणे हे नगरपालिकेचे कायद्याने ठरलेले काम आहे आणि तिजोरी रिकामी असल्याची सबब त्यावर चालणार नाही, असा त्याचा आशय. दारूच्या कारखान्याचे पाणी रस्त्यावर येणे थांबवा, गटारे बांधा, ठरलेल्या मुदतीत काम करा, असे स्पष्ट आदेश दिले गेले. आज देशभर कायद्याच्या महाविद्यालयांत 'रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्दीचंद' हा निकाल शिकवला जातो. त्याची सुरुवात एका वॉर्डातल्या सामान्य रहिवाशांच्या अर्जाने झाली. ते जुने कलम 133 आता 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 152 म्हणून कायम आहे. उज्जैनच्या एसडीएमलाही तोच अधिकार आहे.

रतलामच्या लोकांनी जे केले ते आपण का करू शकत नाही? आपण सारे 'शासनाने करावे' म्हणून थांबतो. शासन करते कधी? 5 जानेवारी 2019 ला शनिश्चरी अमावस्या होती. त्रिवेणीला स्नानापुरते पाणी नव्हते, भाविक चिखलात उभे राहिले. लगेच कमिश्नर आणि कलेक्टर दोघांची बदली झाली. म्हणजे पाणी नसले तर अधिकारी हलतात, पण पाणी घाण असले तर वर्षानुवर्षे कोणी हलत नाही. कारण पाणी नसणे एका दिवसात वर्तमानपत्रात दिसते. घाणीसाठी नमुना, नोटीस, फिर्याद, तारीख असा लांबचा रस्ता चालावा लागतो आणि त्या रस्त्यावर चालणारा कोणी नसतो.

तो रस्ता कायद्याने नागरिकासाठीही उघडा ठेवला आहे. जलप्रदूषण कायद्याच्या कलम 49 प्रमाणे कोणीही व्यक्ती प्रदूषण मंडळाला गुन्ह्याची माहिती आणि फिर्याद करण्याचा आपला इरादा कळवून किमान 60 दिवसांची नोटीस देऊ शकते. मंडळाने त्या मुदतीत काही केले नाही तर ती स्वतः प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे फिर्याद दाखल करू शकते. मंडळाकडचे अहवाल मागण्याचा हक्कही तिला आहे. याशिवाय 2010 च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले असून त्याचे मध्य क्षेत्राचे पीठ आपल्या भोपाळलाच आहे. तेथे नागरिक स्वतः उभा राहून बाजू मांडू शकतो.

कारखाना चालवणाऱ्या आपल्या मंडळींना दोन शब्द सांगतो. कर्जाच्या फायलीत संमतीपत्राची प्रत लावलेली असते. बहुतेक वेळा ती आहे की नाही एवढेच पाहिले जाते. तिची मुदत कधी संपते आणि किती पाण्याची परवानगी आहे हे कोणी वाचत नाही. पण 33-अ खाली वीज तुटली की उत्पादन थांबते, हप्ते थकतात आणि 90 दिवसांत खाते बुडीताकडे जाते. न्यायालयाचा निकाल यायच्या कितीतरी आधी बँकेचा निकाल लागलेला असतो. 22 फेब्रुवारी 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेच आहे की चालती शुद्धीकरण यंत्रणा नसेल तर कारखाना चालू देऊ नका. तेव्हा संमतीपत्राची तारीख विम्याच्या तारखेसारखी जपा. ईटीपीला वेगळे वीजमीटर ठेवा आणि त्याचे आकडे रोज वहीत लिहा. नमुना घेताना स्वतः हजर राहा, आपला हक्क मागा. आणि आपले सनदी लेखापाल बंधू जमाखर्च तपासतात तेव्हा त्यांनी एवढे जरूर पाहावे की रासायनिक कारखान्याच्या खरेदीवहीत वर्षभरात चुना, तुरटी असे काही आले आहे का. माल दुप्पट निघाला आणि शुद्धीकरणाचा खर्च तेवढाच राहिला, तर यंत्रणा किती दिवस चालली ते वही आपोआप सांगते.

एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगतो. कारवाईची वेळ आली की पहिला हात भैरवगडच्या छापकाम करणाऱ्या गरीब कारागिरावर पडतो, कारण तो काठावर दिसतो. त्यालाही पाणी रंगवून नदीत सोडता येणार नाही, हे खरे. पण त्याच्यासाठी सामायिक यंत्रणा उभारणे नगर निगमाचे आणि शासनाचे काम आहे. शहराचा नाला सोडून कारागिराला धरणे याला अंमलबजावणी म्हणत नाहीत.

आता समाजाने काय करावे याबद्दल तीन सूचना मांडतो. पहिली, आपल्यातला एक वकील, एक सनदी लेखापाल, रसायनशास्त्र शिकवलेले एक निवृत्त प्राध्यापक आणि दोन तरुण अशी पाच जणांची समिती नेमावी. दुसरी, या समितीने 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली 10 रुपयांचा अर्ज करून दरवर्षी चार आकडे मागावेत: उज्जैन विभागात सांडपाण्याचे किती नमुने घेतले, त्यांपैकी किती नापास झाले, किती नोटिसा दिल्या आणि किती फिर्यादी किंवा दंडाची प्रकरणे निकालापर्यंत गेली. हे चार आकडे आपल्या पत्रिकेत छापावेत. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातले अंतर म्हणजेच आपल्या नदीची अवस्था. तिसरी, त्या उत्तरातून एक पक्के प्रकरण निवडून 60 दिवसांची नोटीस द्यावी, मग ते कोणाचेही असो.

'कोणाचेही' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. पहिलेच नाव आपल्या ओळखीच्या माणसाचे निघाले तर काय, हा प्रश्न येईल आणि त्याचे उत्तर आजच ठरवले पाहिजे. नोटिशीचे 60 दिवस त्याला सुधारण्याची संधी म्हणूनच आहेत. तेवढ्यात त्याने यंत्रणा सुरू केली तर आपणच त्याचे अभिनंदन करू. नाही केली तर ओळख बाजूला ठेवावी लागेल. ही तयारी नसेल तर समिती नेमू नये, उगाच कागद काळे होतील.

2027 मध्ये नगर निगमाची मुदत संपते आणि 2028 मध्ये सिंहस्थ आणि विधानसभेची निवडणूक दोन्ही आहेत. मते मागायला सगळे पक्ष आपल्या वाड्यांत येतील. घाट किती बांधले हे ते न विचारता सांगतील. आपण त्यांना फक्त हे विचारावे की गेल्या पाच वर्षांत क्षिप्रेत घाण सोडल्याबद्दल किती जणांवर कारवाई पूर्ण झाली. ज्याला हा आकडा ठाऊक असेल त्याचे बोलणे पुढे ऐकावे.

 समितीचा विचार पुढच्या सभेत व्हावा अशी अध्यक्ष महोदयांना विनंती करून माझे भाषण संपवतो.